‘हा कोण?’ विचारताय, पण कोणाला?

एक्स्टर्नल सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला तेव्हाच पोटात गोळा आला. तोपर्यंत ओरल मस्त चालली होती. ब्लॅक बुकचं बाइंडिंग वेळेत आलं होतं, पीपीटी उघडली होती, लॅबचं वायफाय चक्क चालत होतं. आमचं ॲप अगदी साधं. व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसमध्ये आलेली लिंक पेस्ट करा, बटण दाबा. हिरवं आलं तर सेफ, लाल आलं तर फसवी. डेमोसाठी पाच लिंक आधीच ठरवून ठेवल्या होत्या. (सगळेच ठेवतात. खोटं बोलू नका.)

सरांनी त्या पाचांकडे बघितलंही नाही. डोळे मिटून पेटी वाजवावी तशी त्यांनी कीबोर्डवर बोटं फिरवली, काहीतरी सतरा-अठरा अक्षरं उमटली, शेवटी डॉट कॉम लिहिलं आणि एंटर मारलं. ॲपनं दहा सेकंद विचार केल्याचं नाटक केलं आणि हिरवीगार टिक दाखवली. सेफ.

‘अरे, ही वेबसाइट अस्तित्वातच नाहीये,’ सर म्हणाले. ‘मग सेफ कशी?’

चौघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. सरांनी मार्क दिले, म्हणजे बऱ्यापैकी दिले. पण उठताना म्हणाले, ‘मार्क दिलेत, पण हे कोणाच्या हातात देऊ नका.’ नेमका तिथेच घोळ होता. आमच्या एनएसएसच्या मुलांनी हे ॲप जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात वाटायचं आधीच ठरवलं होतं. ‘पार्सल अडकलंय, पत्ता अपडेट करा’ किंवा ‘तुमच्या गाडीचं चलन बाकी आहे’ असल्या मेसेजांवर क्लिक करून ज्यांची पेन्शन जाते, त्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये. पंधरा दिवसांनी कार्यक्रम होता. बॅनर छापून झाला होता.

त्या पंधरा दिवसांत जे कळलं ते चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये कुठेही नव्हतं. ते इथे लिहायचं कारण एवढंच की, फिशिंग लिंक ओळखणारं प्रोजेक्ट हे इंजिनीअरिंगच्या फायनल इयरचं पोहे-उपमा आहे. दरवर्षी, दर कॉलेजात दोन-तीन ग्रुप तरी ते करतातच. आणि बहुतेकांच्या कोडमध्ये तो एक भाग असतो, ज्याच्याकडे कोणी वळून बघत नाही: डोमेन लुकअप.

लुकअप म्हणजे काय? प्रत्येक डोमेनची कुठेतरी नोंद असते. ते कधी घेतलं, कोणत्या रजिस्ट्रारकडून घेतलं, कधी संपणार. जमिनीला सातबारा असतो ना, तसा हा इंटरनेटचा सातबारा समजा. त्याचं नाव ‘हूइज’, म्हणजे सरळ सरळ ‘हा कोण?’ ही पद्धत वेबपेक्षाही जुनी आहे. अर्पानेटच्या काळात अमेरिकेत एलिझाबेथ फाइनलर यांची टीम नेटवर्कची सगळी माहिती सांभाळायची. हूइजचं पहिलं अधिकृत टिपण १९८२ सालचं. तुम्ही पोर्ट ४३ वर नाव पाठवायचं, समोरून साधा मजकूर येतो. पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, सही-शिक्का नाही. तेव्हा नेटवर्कवरची माणसं एकमेकांना ओळखत होती, त्यामुळे कोणी खोटं सांगेल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

फसव्या लिंका ओळखायला यातली एकच गोष्ट फार कामाची असते, ती म्हणजे वय. बँकेच्या नावाची साइट परवा दुपारी रजिस्टर झालेली असेल तर काहीतरी गडबड आहे, हे सांगायला मशीन लर्निंग लागत नाही. ज्या तयार डेटासेटवर निम्म्याहून जास्त मुलं हे प्रोजेक्ट करतात (यूसीआयचा, अकरा हजारांवर नोंदी, तीस फीचर्स), त्यातही ‘डोमेनचं वय’ हा एक रकाना आहेच. डेटासेटमध्ये तो भरून मिळतो. खऱ्या ॲपमध्ये मात्र तो दर वेळी कोणालातरी विचारून आणावा लागतो.

आता आमच्या हिरव्या टिकचं रहस्य. आमचा कोड पायथॉनमध्ये, लुकअपसाठी एक फुकटची लायब्ररी. ती पोर्ट ४३ वर बोलायची. आणि कॉलेजच्या लॅबच्या फायरवॉलनं ब्राउझरला लागणारे ८० आणि ४४३ सोडून बाकी सगळे पोर्ट बंद ठेवलेले. म्हणजे लॅबमध्ये आमचा लुकअप कधीच चालला नव्हता. एकदाही नाही! घरी चालायचा, लॅबमध्ये दहा सेकंद थांबून टाइमआउट व्हायचा. टाइमआउट झालं की प्रोग्रॅम मरू नये म्हणून कोणीतरी (कोणीतरी म्हणजे मीच, रात्री अडीच वाजता) ट्राय-एक्सेप्ट टाकलं होतं. एक्सेप्टमध्ये काय? संशयाचे गुण शून्य. गुण शून्य म्हणजे हिरवं.

‘माहिती मिळाली नाही’ आणि ‘माहिती चांगली आहे’ या दोन गोष्टी माझ्या कोडमध्ये एकच झाल्या होत्या. वॉचमन जेवायला गेला म्हणून गेट उघडंच टाकायचं, तसा प्रकार. बरं, याचा अर्थ फक्त लॅबपुरता नव्हता. ज्या दिवशी समोरचा सर्व्हर बंद, ज्या दिवशी फुकटचा कोटा संपला, त्या दिवशी ॲप वापरणाऱ्या प्रत्येक आजोबांना प्रत्येक लिंक हिरवी दिसली असती. आणि त्यांनी ती बिनधास्त उघडली असती, कारण आम्ही सांगितलं होतं ना, सेफ आहे म्हणून. ॲप नसतं तर निदान मुलीला फोन करून विचारलं असतं.

हे दुरुस्त करायला बसलो तेव्हा आमच्यातल्या एकानं सोपा मार्ग काढला: पोर्ट ४३ ची कटकटच नको, एखादी लुकअपची एपीआय लावू. ४४३ वर चालते, साइन-अप केलं की महिन्याला काही शे लुकअप फुकट. अर्ध्या तासात लावून झाली. लॅबमध्येही चालली. सगळे खूश. मग गाइड मॅडमनी विचारलं, ‘ही सेवा कोण चालवतं?’

म्हटलं, बघतो. बघितलं. साइटवर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, संपर्काला एक जीमेल. अटी-शर्तींचं पान दुसऱ्याच कुठल्यातरी साइटवरून उचललेलं. मूळ साइटचं नाव काढायचंही राहिलं होतं. नमुन्याच्या कोडमध्ये पत्ता एचटीटीपीनं सुरू होत होता, एस गायब. तलाठी कार्यालयाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटसारखं हे. तो उतारा आणून देतो, बहुतेक वेळा खराही देतो. पण कागद त्यानं आतून आणला की घरी छापला, हे तुम्ही कधी तपासलंय?

इथे मॅडमनी आम्हाला डॉट मोबीची गोष्ट वाचायला सांगितली. ती मी तीनदा वाचली, कारण पहिल्या दोनदा विश्वासच बसला नाही.

२०२४ चा ऑगस्ट. लास वेगासमध्ये ब्लॅक हॅट ही सिक्युरिटीवाल्यांची जत्रा भरलेली. बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन. वॉचटावर नावाच्या कंपनीचे काही संशोधक हॉटेलच्या खोलीत बसून टाइमपास म्हणून हूइजच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधत होते. चुका सापडत होत्या, पण त्या वापरायच्या तर एक अडचण होती. चुकीचं, खोडसाळ उत्तर पाठवायचं तर हूइजचा सर्व्हर तुमच्या हातात पाहिजे. तो कसा मिळणार?

मिळाला. डॉट मोबी म्हणजे मोबाइलवरच्या साइटांसाठी २००५ मध्ये मंजूर झालेलं डोमेन. त्याचा हूइज सर्व्हर पूर्वी ‘डॉटमोबीरजिस्ट्री डॉट नेट’ या पत्त्यावर होता. मग तो दुसऱ्या पत्त्यावर हलला. जुना पत्ता कोणी रिन्यू केला नाही आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो एक्स्पायर झाला. या मंडळींनी तो २० डॉलरला विकत घेतला. सतराशे रुपये धरा.

म्हणजे तलाठी कार्यालय नव्या इमारतीत गेलं, जुनी खोली रिकामी पडली, आणि कोणीतरी ती भाड्यानं घेऊन आत टेबल-खुर्ची मांडली. लोक येतील का? तेच बघायला ३० ऑगस्टला त्यांनी तिथे सर्व्हर सुरू केला. ४ सप्टेंबरपर्यंत १ लाख ३५ हजारांहून जास्त वेगवेगळ्या सिस्टिम येऊन गेल्या होत्या, प्रश्नांची संख्या २५ लाखांच्या घरात. आले कोण? डोमेन विकणाऱ्या कंपन्या, वेगवेगळ्या देशांच्या सरकारी आणि लष्करी खात्यांचे मेल सर्व्हर, विद्यापीठं. आणि, हे ऐका, व्हायरसटोटल आणि यूआरएलस्कॅन. म्हणजे ‘ही लिंक बरी आहे का’ हे जगाला सांगणाऱ्या सेवाच! त्या सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना पत्ता कायमचा लिहून ठेवलेला. वॉचटावरनं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर ठेवलं होतं: हे डोमेन आमचं आहे. वर अक्षरांनी काढलेलं चित्रही.

इथपर्यंत गंमत वाटते. पुढचं वाचून घाम फुटतो. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह यायला सर्टिफिकेट लागतं. ते देणारी कंपनी आधी खात्री करते की डोमेन खरंच तुमचं आहे. खात्रीच्या अनेक पद्धतींपैकी एक म्हणजे हूइजमध्ये मालकाचा जो ईमेल लिहिलाय त्यावर मेल पाठवणं. या संशोधकांनी ‘मायक्रोसॉफ्ट डॉट मोबी’साठी सर्टिफिकेटचा अर्ज सुरू केला. ग्लोबलसाइन या मोठ्या सर्टिफिकेट कंपनीच्या सिस्टिमनं जुन्या पत्त्यावर विचारणा केली, आणि मंजुरीचा मेल पाठवायच्या पर्यायांत वॉचटावरचाच ईमेल दाखवला. एक क्लिक केलं असतं तर मायक्रोसॉफ्टच्या नावाचं खरं सर्टिफिकेट त्यांच्या हातात. ते तिथेच थांबले. ब्रिटनचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र आणि शॅडोसर्व्हर ही ना-नफा संस्था यांना कळवून ते डोमेन सुरक्षित हातात दिलं.

सतराशे रुपयांत! आमच्या ब्लॅक बुकच्या बाइंडिंगला जवळपास तेवढे गेले होते.

यानंतर चाकं हलली. सर्टिफिकेट कंपन्या आणि ब्राउझरवाल्यांच्या फोरमनं हूइजच्या ईमेलवर विसंबायची पद्धत बंद करायचा ठराव केला आणि २०२५ च्या जुलैपर्यंत टप्प्याटप्प्यानं ती बंद झाली. त्याआधीच २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉम, डॉट नेट अशा सर्वसाधारण डोमेनवाल्यांवर हूइज चालवायचं बंधनही राहिलेलं नाही. त्याच्या जागी आरडॅप आलंय. (ते डॉट मोबीमुळे झालेलं नाही, आधीच ठरलेलं होतं.) तरी आजही यूट्यूबवरच्या प्रोजेक्ट ट्युटोरियलमध्ये हूइजच शिकवतात. आम्हीही तिथूनच शिकलो.

मॅडम म्हणाल्या, आता तुमच्या ॲपकडे याच नजरेनं बघा. तुम्ही काय पाठवता, कोणाला पाठवता, परत काय येतं आणि त्याचं काय करता. आम्ही कॅन्टीनमध्ये वहीवर बाण काढत बसलो.

पहिल्याच बाणावर अडलो. आम्ही पूर्ण लिंक पाठवत होतो. लुकअपला फक्त डोमेन लागतं, पण स्प्लिट करायचा कंटाळा. कोणी पासवर्ड रिसेटची लिंक तपासायला टाकली तर? त्या लिंकच्या शेपटीत टोकन असतं, ते ज्याच्या हातात पडलं तो पासवर्ड बदलू शकतो. हे नुसतं घाबरवणं नाही. २०२२ मध्ये पॉझिटिव्ह सिक्युरिटीच्या संशोधकांनी दाखवलं होतं की, कंपन्यांच्या ऑटोमॅटिक सिस्टिम संशयित लिंका तपासायला यूआरएलस्कॅनवर टाकतात, त्या तिथे पब्लिक सर्चमध्ये दिसतात, आणि त्यांत पासवर्ड रिसेटच्या, शेअर केलेल्या फायलींच्या खासगी लिंका सापडतात. सुरक्षेसाठी केलेली तपासणी हीच गळती. आम्ही तेच करत होतो, फक्त एका जीमेलवाल्या अनोळखी माणसाला पाठवून. एका ओळीचा बदल: फक्त डोमेन पाठवायचं, बाकी फोनमध्येच ठेवायचं. तरीही कोणी कोणत्या डोमेनबद्दल विचारलं हे समोरच्याला कळतंच. म्हणून प्रश्न आजोबांच्या फोनमधून थेट न जाता आमच्या सर्व्हरमधून जायला हवा, हेही ठरलं.

दुसरी चूक माझ्या पार्टनरची, त्यामुळे ती मी जरा आनंदानं सांगतो. त्याच्या जुन्या व्हर्जनमध्ये लायब्ररी नव्हती. लिनक्सची हूइज कमांडच थेट चालवली होती, पुढे युजरनं टाकलेलं नाव चिकटवून. युजरनं नावानंतर अर्धविराम देऊन दुसरी कमांड लिहिली तर? तीही चालते. सिक्युरिटीच्या प्रॅक्टिकलला आम्ही हाच हल्ला दुसऱ्याच्या सर्व्हरवर करून दाखवला होता आणि दहापैकी नऊ मिळवले होते! स्वतःच्या कोडमध्ये तो दिसला नाही. आता नावात इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि टिंब सोडून काहीही असेल तर पुढे पाठवतच नाही. डॅशनं सुरू होणारं नावही नाही, नाहीतर कमांड ते नाव न समजता ऑप्शन समजते.

एपीआयची की गिटहबवर पब्लिक पडली होती. काढली. मग कळलं की काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती दिसतेच. रद्द करून नवीच घ्यावी लागते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच करतात, पुढे जाऊ.

परत येणाऱ्या उत्तराबद्दल मात्र मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं, उत्तर म्हणजे ‘डेटा’, आणि डेटा काय करणार? पण डोमेनच्या नोंदीतला बराचसा मजकूर डोमेन घेणाऱ्यानंच भरलेला असतो. फसवी साइट काढणाराच तो फॉर्म भरतो. त्यानं कंपनीच्या नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टॅग लिहिला आणि आम्ही तो जसाच्या तसा पानावर छापला, तर ती स्क्रिप्ट आजोबांच्या ब्राउझरमध्ये चालणार. मोठमोठ्यांनी यात मार खाल्लाय. पीएचपीच्या एका लोकप्रिय हूइज लायब्ररीत २०१५ सालची एक नोंदवलेली चूक आहे: सर्व्हरकडून आलेला मजकूर चक्क कोड म्हणून चालवला जाऊ शकायचा. फेल२बॅन हे सर्व्हरचं रक्षण करणारं सॉफ्टवेअर. ते हल्लेखोराचा आयपी ब्लॉक करून त्याची हूइज माहिती ॲडमिनला मेल करायचं. त्या माहितीत एखादी ओळ टिल्ड आणि उद्गारचिन्हानं सुरू झाली की मेलचा एक प्रोग्रॅम तिला कमांड समजायचा. २०२१ मध्ये ते उघड झालं. चोराला पकडून त्याचा जबाब लिहून घ्यायचा आणि जबाबातच बॉम्ब निघायचा! या दोन्ही हल्ल्यांना एकच अट होती, हूइजचा सर्व्हर हल्लेखोराच्या हातात हवा. म्हणून लोक म्हणायचे, असं प्रत्यक्षात कुठे होतंय. डॉट मोबीनंतर तसं म्हणता येत नाही.

आणि समजा आज सेवा चालवणारा माणूस चांगला आहे. उद्या? पॉलिफिल डॉट आयओ आठवतंय का? जुन्या ब्राउझरसाठी उपयोगी स्क्रिप्ट पुरवणारं डोमेन, वर्षानुवर्षं नीट चाललेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते एका नव्या कंपनीनं घेतलं आणि जूनमध्ये उघड झालं की त्याच स्क्रिप्टमधून लोकांना भलत्याच साइटवर नेलं जातंय. एक लाखाहून जास्त वेबसाइटनी ती स्क्रिप्ट लावली होती. त्यांतल्या एकाच्याही कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं.

शेवटी आम्ही काय केलं? ती जीमेलवाली सेवा मुख्य रस्त्यावरून काढली. आता थेट आरडॅपला विचारतो. ते ४४३ वरच चालतं, त्यामुळे लॅबचा फायरवॉलही खूश. बोलणं एन्क्रिप्टेड असतं आणि उत्तर नीट रकान्यांत येतं. कोणत्या डोमेनसाठी कोणाला विचारायचं याची यादी आयएएनए ही संस्था स्वतः ठेवते. ती यादी आम्ही रोज ताजी घेतो, पत्ते कोडमध्ये लिहून ठेवलेले नाहीत. डोमेन नसेल तर बहुतेक ठिकाणी ४०४ येतो, फार प्रश्न विचारले तर ४२९, सर्व्हर झोपला असेल तर काहीच नाही. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळी उत्तरं. एकदा मिळालेली तारीख दिवसभर साठवतो, त्यामुळे सगळी लॅब एकाच आयपीवरून तुटून पडली तरी कोटा संपत नाही.

आणि वयाचं अतिकौतुकही कमी केलं. जुनं डोमेन म्हणजे सज्जन असं नाही. जुनी साइट हॅक झालेली असू शकते, एक्स्पायर झालेलं जुनं नाव ठग विकत घेऊ शकतो. फुकट होस्टिंगवर काढलेल्या पानाचं वय विचारलं तर लुकअप मूळ कंपनीचं वय सांगतो. पान काल रात्रीचं, उत्तर ‘बारा वर्षं’. उलट शेजारच्या ताईंनी गेल्या आठवड्यात काढलेल्या डब्याच्या साइटला आम्ही लाल दाखवत होतो. काही ठिकाणी तर लुकअपपेक्षा नावाचं शेपूटच जास्त बोलतं: सरकारी साइट गव्ह डॉट इन किंवा निक डॉट इनवर असते, आणि रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं. ते शेपूट कोणालाही विकत मिळत नाही. ‘तुमची बँक’ म्हणवणारी लिंक दुसऱ्याच कशानं संपत असेल तर आमचं ॲप आता लुकअपच्या आधीच थांबवतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संघातल्या तिघांना बोलावून ट्रायल घेतली. हिरवं आणि लाल यांच्या मध्ये आता पिवळा रंग आला होता: ‘माहिती मिळाली नाही.’ आम्हाला त्याचा केवढा अभिमान! पहिल्याच आजोबांनी फोन चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, ‘बाळा, पिवळं म्हणजे मी उघडू की नको?’

चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. पुन्हा ओरलच.

‘नको आजोबा,’ आमच्यातली एक म्हणाली. ‘पिवळं आलं की उघडायचं नाही. घरी कोणाला तरी दाखवा आधी.’

‘मग तसं लिहा की,’ आजोबा म्हणाले. आम्ही ‘माहिती मिळाली नाही’ काढून ‘उघडू नका. आधी घरच्यांना विचारा’ असं लिहिलं, मोठ्या अक्षरात. मला अजून खात्री नाही की हे बरोबर आहे. पिवळं रोज आलं तर लोक कंटाळून त्याकडे बघणं सोडतील, पाऊस पडणार म्हणून रोज सांगणाऱ्या हवामानाच्या ॲपसारखं. म्हणून पिवळं किती वेळा येतं याची आता नोंद ठेवतो. पहिल्या महिन्यात दर दहा लिंकांमागे एक आलं. ते अजून कमी करायचंय.

एक धागा सुटायचाय. काही देशांची डोमेन आरडॅपच्या त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी अजून एक बाहेरची सेवा ठेवावी लागलीय. यावेळी कंपनीचं नाव-पत्ता असलेली, आणि तिच्या एकटीच्या उत्तरावर कधीच हिरवं न दाखवणारी. सेवा लावण्याआधी आम्ही तिच्याच डोमेनचं लुकअप केलं. पुढच्या फेब्रुवारीत ते एक्स्पायर होतंय. चौघांच्याही फोनमध्ये त्या तारखेचं रिमाइंडर आहे. एक जण आता नोकरीला बेंगळुरूला गेलाय, त्याला मी वेगळा फोन करणार आहे.